तिघांच्या कार्डावरचे दोघे

खेळाडूंची कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९८२ च्या सेटमधलं २१ क्रमांकाचं कार्ड. बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे तीन तरुण चेहरे शेजारी शेजारी, आणि सोबत ‘फ्यूचर स्टार्स’ ही दोन शब्दांची भविष्यवाणी. मधला कॅल रिपकेन. तो पुढे २१ हंगाम खेळला, सलग २,६३२ सामन्यांत उतरण्याचा विक्रम त्याने केला आणि २००७ मध्ये बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, त्याला जागा मिळाली. त्याच्या एका हाताला बॉब बॉनर, दुसऱ्या हाताला जेफ श्नायडर. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर, रिपकेनचे एकूण सामने ३,००१. बॉनरचे ६१. श्नायडरचे ११. बॉनर शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. १ जुलै १९८२ ला त्या जागेवर रिपकेनला उभं केलं गेलं आणि पुढची चौदा वर्षं ती जागा त्याचीच राहिली. बॉनर नंतर ख्रिस्ती मिशनरी म्हणून झांबियात गेला.

बाजारात सगळे या कार्डाला ‘रिपकेनचं रूकी कार्ड’, म्हणजे तो नवखा असतानाचं कार्ड, म्हणतात. त्याच वर्षी टॉप्सने १३२ कार्डांचा ‘ट्रेडेड’ नावाचा जादा सेट काढला. त्यात ९८टी क्रमांकावर रिपकेन एकटा आहे. हा सेट पाकिटांतून आला नाही, विक्रेत्यांकडून अख्खा डबाच घ्यावा लागायचा, त्यामुळे प्रती कमी निघाल्या. आज तिघांच्या कार्डापेक्षा एकट्याच्या कार्डाला कितीतरी पट जास्त पैसे पडतात. बॉनर आणि श्नायडर सोबत असले की कार्ड स्वस्त होतं, असा याचा अर्थ. हे ज्याच्या मनाला लागतं, त्याच्यासाठीच हा छंद आहे.

मिकी मँटलचं १९५२ चं ३११ क्रमांकाचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या वाटेने जाणाऱ्यांची वाट वेगळी. इथे बोलायचंय ते दहा-वीस सेंटच्या खोक्यात पडून असलेल्या खेळाडूंबद्दल: ज्यांच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही, आणि ज्यांच्याकडून फार मोठ्या आशा होत्या पण पुढे काही जमलं नाही. मराठी वाचकाला यातली हळहळ समजावून सांगावी लागत नाही. ५८९ प्रथमश्रेणी बळी घेऊनही कसोटीची टोपी न मिळालेले पद्माकर शिवलकर आपल्याला माहीत आहेत. १९८८ साली सचिन-विनोदची ६६४ धावांची भागी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुझुमदारही आपलाच. फरक एवढाच, की अमेरिकेत अशा प्रत्येक माणसाचं अडीच बाय साडेतीन इंचांचं एक कार्ड निघालेलं असतं, आणि ते आजही मिळतं.

ते निघालं कसं, यामागे एक साधा व्यवहार आहे. टॉप्सची माणसं मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पायरीच्या संघांतल्या पोरांना गाठायची आणि पाच डॉलर हातावर ठेवून सही घ्यायची. या पाच डॉलरला ‘स्टेक मनी’ म्हणत. मुलगा मेजर लीगला पोचला की त्याला वर्षाला १२५ डॉलर मिळायचे. कोण पुढे जाणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे कंपनी सरसकट सगळ्यांच्या सह्या घ्यायची. त्यातूनच एवढ्या अनोळखी चेहऱ्यांचा हा दफ्तरखाना उभा राहिला. उलटंही झालं. मॉरी विल्सला त्यांनी सुरुवातीला गाठलंच नाही. तो १९६२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी टॉप्सच्या नेहमीच्या सेटमध्ये त्याचं कार्ड आलं ते थेट १९६७ मध्ये.

नवख्यांना एकाच कार्डावर दाटीवाटीने बसवण्याची पद्धत साठ आणि सत्तरच्या दशकांत जोरात होती. १९६८ च्या २४७ क्रमांकावर जॉनी बेंचच्या शेजारी रॉन टॉम्पकिन्स आहे. १९७३ च्या ६१५ वर तीन थर्ड बेसमन आहेत: माइक श्मिट, रॉन से आणि जॉन हिल्टन. १९७८ च्या ७०७ वर चार शॉर्टस्टॉप. त्यातले पॉल मॉलिटर आणि ॲलन ट्रॅमल हॉल ऑफ फेममध्ये गेले, तोंडात टूथपिक धरून खेळणारा यू. एल. वॉशिंग्टन अकरा हंगाम टिकला आणि चौथा मिकी क्लट्स दोनशे सामन्यांच्या आतच थांबला. चौघांचा फोटो एकाच मापाचा. छापताना कोणाला झुकतं माप दिलेलं नाही. ही कार्डं आवडतात ती याचसाठी.

आता कार्ड उलटं करा. या छंदाचा खरा जीव मागच्या बाजूला आहे. अठरा वर्षं खेळलेल्या माणसाच्या कार्डामागे आकड्यांच्या अठरा ओळी बारीक टायपात कोंबलेल्या असतात, दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. नवख्याच्या नावावर मेजर लीगची ओळ एकच, किंवा तीही नाही. मग जागा भरायला मायनर लीगचे आकडे येतात, टाइडवॉटर आणि पॉटकेट यांसारख्या ठिकाणांची नावं येतात, दोन-तीन वाक्यांत त्याची ओळख येते आणि जुन्या सेटांत एखादं व्यंगचित्रही: हिवाळ्यात हा दुकानात काम करतो, त्याला शिकारीची आवड आहे. कारकीर्द जितकी छोटी, तितके शब्द जास्त. ही कार्डं वाचण्यासाठी आहेत. अल्बममध्ये नुसता पुढचा चेहरा दिसेल अशी लावून ठेवली तर अर्धा ऐवज झाकला जातो. नऊ खणांच्या पानात पाठीला पाठ लावून अठरा कार्डं बसतात, पण इथे नऊच लावावीत.

सुरुवात कशी करायची? एकच खेळाडू धरून त्याचं प्रत्येक कार्ड मिळवणं हा एक मार्ग आहे. पण नव्या माणसाने एखादा शिक्का धरावा, हे जास्त बरं. शिक्का म्हणजे कंपनीने स्वतः कार्डावर छापलेलं भाकीत. डॉनरस कंपनीने १९८४ मध्ये ‘रेटेड रूकी’ हा शिक्का आणला, २७ ते ४६ अशी वीस कार्डं. त्यात जो कार्टर आहे. त्याने पुढे ३९६ होमरन, म्हणजे षटकारासारखे फटके, मारले आणि त्याहून मोठं म्हणजे १९९३ ची वर्ल्ड सिरीज, विजेतेपदाची अंतिम मालिका, शेवटच्या फटक्यावर जिंकून दिली. त्याच वीस जणांत ब्रॅड कोमिन्स्क आहे. १९८१ मध्ये मायनर लीगमधल्या डरहॅमसाठी त्याने ३३ होमरन मारले होते आणि अटलांटाचे लोक त्याच्याकडे पुढच्या दहा वर्षांचा आधार म्हणून पाहत होते. मेजर लीगमध्ये त्याचे सगळे मिळून २३ होमरन झाले. वीस कार्डांची यादी महिन्या-दोन महिन्यांत पुरी होते, खर्च बेताचा, आणि प्रत्येक नावामागे वाचायला काहीतरी सापडतं. त्यानंतर टॉप्सच्या १९८७ च्या सेटमधले ‘फ्यूचर स्टार्स’ घ्यावेत. बो जॅक्सन आणि राफाएल पाल्मेरो त्यातलेच, पण त्याच शिक्क्याखाली टिम पिझ्नार्स्की आहे, ज्याचे एकूण सामने १५, आणि पॅट डॉडसन, ज्याचे ५२.

१९८७ च्या सेटला लाकडी नक्षीची किनार आहे. तपकिरी किनारीचं कोपऱ्यावरचं टोक जरा जरी उडालं तरी आतला पांढरा कागद लगेच दिसतो. १९७१ च्या काळ्या किनारीचं दुखणं हेच, आणि जास्त वाईट. म्हणून या दोन सेटांची कार्डं ऑनलाइन घेताना चारही कोपऱ्यांचे फोटो मागावेत. पांढऱ्या किनारीच्या सेटांत तेवढी कटकट नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदची पहिली तीन-चार वर्षं, या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. कार्डं म्हणजे गुंतवणूक अशी हवा झाली, घराघरांत खोकी भरून ठेवली गेली, कंपन्यांनी मागणीपेक्षा अधिक छापलं आणि भाव रद्दीला आले. आपल्या कामाचा खजिना नेमका हाच. मात्र पाकिटं फोडून सेट पुरा करण्याच्या फंदात पडू नये. १९८७ च्या एका खोक्यात ३६ पाकिटं, प्रत्येकात १७ कार्डं, म्हणजे ६१२. सेट ७९२ चा. कार्डं निव्वळ नशिबाने येत असतील तर ७९२ वेगवेगळी जमायला सरासरी साडेपाच हजारांहून जास्त कार्डं लागतात, कारण शेवटची पन्नास-साठ जमवताना आधीचीच पुन्हा पुन्हा हाती येतात. प्रत्यक्षात पाकिटं काही ठरावीक क्रमाने भरली जात, म्हणून आकडा खाली येतो, तरी दुबार कार्डांचा ढीग टळत नाही. अख्खा सेट डब्यासकट विकत घ्यावा. त्या काळातला सेट एका जेवणाच्या पैशांत मिळतो.

७९२ हा आकडाही उगाच आलेला नाही. टॉप्सच्या छपाईच्या मोठ्या तावावर १३२ कार्डं बसायची आणि असे सहा ताव म्हणजे ७९२. १९७८ ते १९८१ या वर्षांत सेट ७२६ चा होता, ताव मात्र सहाच. उरलेल्या ६६ जागा भरण्यासाठी ६६ कार्डं दोनदा छापली. यादीत त्यांच्यापुढे ‘डीपी’ लिहिलेलं असतं. कापणी सरकली तर कार्डाच्या कडेला तावावरच्या शेजाऱ्याची पट्टी दिसते. कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या अशा कार्डाला कमी लेखतात. इथे मात्र ते राखून ठेवावं, कारण तावावर कोण कोणाच्या शेजारी होतं याचा तो पुरावा आहे.

जुन्या सेटांत एक उलटा प्रकार आहे आणि तो माहीत नसेल तर खिसा कापला जातो. १९७३ पर्यंत टॉप्स सेटचे भाग करून उन्हाळाभर थोडे थोडे बाजारात आणायची. शेवटचा भाग यायचा तेव्हा पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असायचं आणि दुकानदार तो कमी मागवायचे. त्यामुळे शेवटच्या क्रमांकांवरचा अगदी अनोळखी खेळाडूही मधल्या क्रमांकांवरच्या नामवंतापेक्षा महाग पडतो. १९६६ मधले ५२३ पासून पुढचे आणि १९६७ मधले ५३४ पासून पुढचे क्रमांक या कारणाने कुप्रसिद्ध आहेत. १९५२ च्या पहिल्या क्रमांकाची गोष्ट वेगळी. ते कार्ड अँडी पॅफ्कोचं. पोरं सेट क्रमाने लावून त्याला रबरबँड मारायची, आणि सगळा मार सोसायचा तो वरच्या पॅफ्कोने. म्हणून ते धडक्या अवस्थेत मिळणं कठीण. गठ्ठ्यातलं पहिलं आणि शेवटचं कार्ड कायम अधिक बारकाईने पाहावं, हे त्यावरून घ्यायचं.

आशा आणि वास्तव यांच्यातलं अंतर सर्वांत जास्त बोचतं ते नव्वदच्या दशकातल्या दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, कार्डांत. दरवर्षी संघ पाळीपाळीने नव्या मुलांची निवड करतात, तो ड्राफ्ट. १९९० मध्ये पहिली निवड अटलांटाची होती. टॉड व्हॅन पॉपेल हा टेक्सासचा मुलगा तेव्हा सर्वांत नावाजलेला, पण तो कॉलेजला जाणार असं सांगत असल्यामुळे अटलांटाने चिपर जोन्स निवडला. चौदाव्या क्रमांकावर ओकलंडने व्हॅन पॉपेलला घेतलं. अपर डेक कंपनीच्या १९९१ च्या सेटमधलं त्याचं ५३ क्रमांकाचं कार्ड पोरांनी जपून ठेवलं. त्याची कारकीर्द ४० विजय, ५२ पराभव आणि दर नऊ डावांमागे ५.५८ धावा दिल्याची महागडी सरासरी अशी संपली. जोन्स हॉल ऑफ फेममध्ये आहे.

ब्रायन टेलर १९९१ मध्ये सगळ्यांत पहिला निवडला गेला. न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला सहीचे साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९२ च्या टॉप्स सेटमध्ये सहाव्या क्रमांकावर त्याचं कार्ड आहे, आणि त्याच वर्षीच्या सोनेरी छापाच्या खास सेटसोबत त्याच्या सहीचं कार्ड दिलं गेलं, १२,००० प्रती. बारा हजार वेळा स्वतःचं नाव लिहिणारा विशीतला मुलगा डोळ्यांसमोर आणून पाहावा. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा डावा खांदा निकामी झाला. तो डावखुरा पिचर. मेजर लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही. त्याची सही आजही थोडक्या पैशांत मिळते, आणि या संग्रहात ठेवायला याहून बोलकं कार्ड सांगता येणार नाही.

पडलेला प्रत्येकजण असा नसतो. ग्रेग जेफरीजला न्यूयॉर्क मेट्स संघाच्या चाहत्यांनी १९८८ मध्ये डोक्यावर घेतलं आणि नंतर ‘फसला’ म्हणून टाकून दिलं. तो चौदा हंगाम खेळला, १,५९३ हिट्स केले, १९९३ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३४२ अशी उत्तम होती. हा माणूस फसला नाही, फक्त लोकांनी त्याच्यावर लादलेल्या अपेक्षेएवढा झाला नाही. संग्रह लावताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असं आमचं ठाम मत आहे. जेफरीज आणि टेलर यांना एका पानावर बसवणं अन्याय आहे.

हल्लीची ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे होतकरू पोरांची, कार्डं मुख्यतः बोमन क्रोम या सेटमध्ये निघतात. एकाच कार्डाचे रंगीत भाऊबंद असतात: निळा १५० प्रतींचा, हिरवा ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि शेवटचा एकुलता एक. मुलाचं नाव चर्चेत असताना यातलं काही घेऊ नये. हाताला शस्त्रक्रिया झाली, संघाने सोडून दिलं, की सट्टेवाले माल काढतात आणि सोनेरी कार्डही आवाक्यात येतं. मार्क अपेल हा २०१३ चा पहिला निवडलेला खेळाडू. २०१८ मध्ये त्याने खेळ सोडला, २०२१ मध्ये परत आला आणि जून २०२२ मध्ये तिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये उतरला. मधल्या तीन वर्षांत त्याची कार्डं जवळ ठेवणारे लोक नफ्यासाठी थांबलेले नव्हते.

खरेदीचं गणित थोडक्यात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी कार्ड शोमधल्या डाईम बॉक्ससमोर, म्हणजे दहा सेंटच्या खोक्यासमोर, बसावं. यादी नावानुसार न करता वर्ष आणि क्रमांकानुसार करावी, कारण खोकी तशीच लावलेली असतात. ऑनलाइन दहा सेंटच्या कार्डाला डॉलरभर टपाल पडतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून तीस-चाळीस एकदम घ्यावीत. कार्ड दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवू नये, फी कार्डापेक्षा जास्त होते. आणि एक मोठं सुख: या खेळाडूंची बनावट कार्डं कोणी छापत नाही.

सांभाळण्याकडे मात्र कानाडोळा नको, विशेषतः कार्डं मुंबईत किंवा कोकणात असतील तर. आधी मऊ पातळ पिशवी, पेनी स्लीव्ह. तिच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने जरासा तिरपा छाटावा, म्हणजे कार्ड आत सरकताना त्याचा कोपरा अडकून दुमडत नाही. मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट. स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये घातलेल्या कार्डावर बारीक ओरखडे येतात. तोंड बंद करायला रंगकाम करणाऱ्यांची कागदी चिकटपट्टी घ्यावी आणि टोक दुमडून ठेवावं. पारदर्शक टेप काढताना डिंक मागे राहतो आणि तोच कार्डाला लागतो. अल्बमच्या पानांवर ‘पीव्हीसी नाही’ असं लिहिलेलं हवं. पानांना नव्या रेनकोटसारखा वास आला तर समजावं की काही वर्षांनी ती चिकट होऊन कार्डावर ओलसर डाग पाडणार. बाइंडरच्या कड्या इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या असाव्यात. गोल कड्यांवर आतल्या रांगेतली कार्डं दाबली जाऊन वळ उठतो.

पावसाळ्यात क्रोम कार्डं वाकतात, कारण पुढचा चकाकता थर तसाच राहतो आणि मागचा कागद दमट हवा पिऊन फुगतो. इस्त्री फिरवू नये. घट्ट टॉपलोडरमध्ये घालून, वर वजन ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या बंद डब्यात काही आठवडे ठेवावं. रंग बदलणारी जेल घेतली तर ती कधी वाळवायची ते कळतं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळावं. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडची सवय इथे घातक आहे, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं आणि कार्डाला चिकटतं.

शेवटचा भाग सह्यांचा, आणि या छंदातलं हे सर्वांत आनंदाचं काम. नामवंतांना पत्रं हजारोंनी येतात. सत्तर-ऐंशी सामने खेळून घरी गेलेल्या माणसाला क्वचितच येतं, आणि आलं की तो बहुधा सही करतो, कधी चार ओळीही लिहितो. पत्र हाताने लिहावं, एका पानाचं, आणि त्यात त्याच्या कार्डामागच्या एखाद्या ओळीचा उल्लेख असावा. कार्डं दोनच पाठवावीत. गुळगुळीत कार्डावर शाईचे थेंब होतात, म्हणून आधी बेबी पावडरचा हलका हात फिरवून मऊ कापडाने पुसावं. गडद फोटोवर काळी शाई दिसत नाही, निळी वापरायला सांगावी. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला परतीचा लिफाफा. भारतातून पाठवताना इथेच चूक होते: अमेरिकेत भारतीय तिकिटं चालत नाहीत, परतीच्या लिफाफ्यावर अमेरिकेचं आंतरराष्ट्रीय टपालाचं तिकीट लागतं. ते नसेल तर सही झालेलं कार्ड त्याच्या टेबलावरच पडून राहतं.

राहिला प्रश्न २१ क्रमांकाच्या कार्डाचा. ते कोणाच्या नावाखाली लावायचं? रिपकेनचे संग्राहक आरखाली लावतात. आपण एक प्रत बॉनरखाली लावावी आणि श्नायडरच्या पानासाठी दुसरी विकत घ्यावी, कोपरे झिजलेली असली तरी चालेल.